मागचं दिसू नये म्हणून

१९ ऑगस्ट, मंगळवार

नीलमचा खो-खो बंद! कारण काय, तर माझा फोटो.

तिचे वडील किसनसिंग सकाळीच तांड्यावरून शाळेत आले. मोबाईल पुढे धरला. काल मीच पालकांच्या ग्रुपवर टाकलेला फोटो — नीलम खांबाकडे झेपावतेय आणि मागे भिंतीवर बसलेली बारावीची पोरं. एकेकाचे दात मोजावेत इतकी स्पष्ट.

"खेळायला माझी ना न्हाई, अजरा बाई. पण हे कोण? तांड्यातले लोक मला इचारून राहिले."

नीलम माझी सगळ्यात चपळ पोरगी. तिच्याशिवाय जिल्ह्याला जायचं म्हणजे हरायलाच जायचं. शेवटी तडजोड झाली. रोज सरावाचा एक फोटो त्यांना पाठवायचा. त्यात ती खेळताना दिसेल आणि मागे कुणीही दिसणार नाही. "मंग ठीक हाय," म्हणाले.

पोरांना भिंतीवरून हुसकावलं. उद्या परत बसतील.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मोबाईलमध्ये मागचं पुसट करायची सोय आहे. वापरली. त्याने नीलमचा उजवा हातच पुसून टाकला. पोरी हसून हसून बेजार. "मॅडम, आता खो कशानं देऊ?" — नीलम.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. सराव नाही, फोटो नाही, कटकट नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

हिंगोलीला घरी. मुबश्शीरच्या स्टुडिओतून जुना छोटा कॅमेरा उचलला. झूम बरा आहे. धाकटा भाऊ असून मला हसला. "आपा, ये डब्बे से पीछे का नै उडता." मागचं धूसर करतात ते लग्नाचे मोठे कॅमेरे म्हणे, याचं भिंगच बोटाएवढं.

मग चहा पिता पिता वळणावर आला. झूम पूर्ण ताणायचा, खाली बसायचं, आणि पोरीच्या पाठीमागे जितकं अंतर जास्त तितकं बरं. "पीछे का दूर ले जाओ, बस."

म्हटलं, भिंत कशी दूर नेऊ? "भिंत नको नेऊ. तू फिर ना!"

२६ ऑगस्ट, मंगळवार

फिरले. भिंतीकडे पाठ करून मातीत मांडी घातली. समोर मैदान, त्यापलीकडे सोयाबीन, त्याच्याही पलीकडे डांबरी रस्ता. नीलम खांबाला वळसा घालताना टिपली — आणि मागे नुसता हिरवा धूर! तिच्या कपाळावरचा घाम दिसतोय, मागचं काहीच नाही. किसनसिंगांचा अंगठा आला. मला फार आनंद झाला.

३० ऑगस्ट, शनिवार

नीलम म्हणाली, "मॅडम, आजचा फोटो भिंतीकडं काढा ना. रस्त्याकडं नको."

"का गं?"

"असंच."

मी नाही म्हटलं. भिंत आली की पोरं आली, पोरं आली की किसनसिंग आले. या वयात पोरींची नाटकं फार.

९ सप्टेंबर, मंगळवार

मुबश्शीरने फोनवर नवीन शिकवलं. शटर सावकाश ठेवायचं आणि पोरगी पळेल तसा कॅमेरा तिच्याबरोबर फिरवायचा. ढीगभर फोटो वाया गेले. पोरी कंटाळल्या, मीही वैतागले. मग एक आला! नीलम लख्ख, मागे सगळ्या आडव्या रेघा. मुबश्शीर म्हणे, स्टुडिओत लावतो. नको म्हटलं, तिच्या वडिलांना चालणार नाही. मनात मात्र फुगले.

११ सप्टेंबर, गुरुवार

तालुका जिंकला. जिल्ह्याला जातोय! किसनसिंगांनी पेढे पाठवले. नीलमने खाल्ला नाही. दमली असेल.

१५ सप्टेंबर, सोमवार

काल रविवारच्या जादा सरावानंतर तांड्याच्या वाटेवर एकाने नीलमचा हात धरला. ती त्याला चावली, सुटली, पळाली. घरी आहे, सुखरूप. बोलत नाही. आईला एवढंच सांगितलं — लाल शर्टवाला, रोज सरावाच्या वेळी रस्त्यावर गाडी लावून उभा असायचा. नाव माहीत नाही.

ठाण्यात म्हणाले, फोटो असतील तर दाखवा. कॅमेरा उघडला. तो जवळजवळ सगळ्यांत आहे. सोयाबीनच्या वर, नीलमच्या खांद्यामागे, एक लाल डाग. मोठा करून पाहिला. डागच मोठा झाला.

किसनसिंग माझ्या बाजूला उभे होते. किती तरी वेळ स्क्रीनवर वाकून बघत राहिले.

"बाई, ह्याचं तोंड दिसंल असा एखादा न्हाई का?"

मी नाही म्हणाले.