हरवलेल्या मेंढराची गोष्ट

सोमवार, ३ मार्च

सुचली! गणवेशाच्या पँटला काजं करता करता गोष्ट सुचली! चर्चच्या मासिकाची कथास्पर्धा आहे, विषय – कृपेची वाट. माझ्या गोष्टीत एक प्रेमळ मेंढपाळीण. तिचं एक हट्टी मेंढरू कळप सोडून जातं. ती काट्याकुट्यांतून शोधत जाते. मेंढरू रडतं, माफी मागतं, आणि ती मोठ्या मनानं त्याला खांद्यावर घेते.

मेंढरू कोण, हे सांगायला नको. माझी धाकटी बहीण!

मंगळवार, ४ मार्च

राहते दोन गल्ल्या पलीकडे, पण कित्येक महिने बोलणं नाही. चर्चमध्ये ती ऑर्गन वाजवायची, मी गायचे. भर उपासनेत, माझं गाणं रंगात आलेलं असताना बाईसाहेबांनी ऑर्गन थांबवला. "ताई, ताल!" सगळ्यांसमोर! मी काय काल गायला लागले? तेव्हापासून मी शेवटच्या बाकावर.

आता तिच्या नवऱ्याची बदली झाली आहे. रविवारी पहाटे सामानासकट निघणार, ते थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे माफी मागायला तिला शनिवारपर्यंत वेळ आहे. माझं दार उघडंच आहे.

बुधवार, ५ मार्च

नवऱ्याला गोष्ट वाचून दाखवली. तो नळ दुरुस्त करतो, त्याचं वाचन पाण्याच्या मीटरपुरतं. गोष्टीत मी बायबलमधल्या खुणा पेरल्या आहेत. कबूतर त्यानं चालवून घेतलं, दिवाही चालवून घेतला. मासा आला आणि म्हणाला, "डोंगरावर मासा कुठून आला गं?"

"खूण असते ती! तिला अर्थ असतो."

"अर्थ असेल. पण पाणी कुठंय?"

अरसिक! तरी पण एक झरा घातला. मग म्हणतो, "आणि त्या मेंढराची बाजू?" मेंढराला कसली आलीय बाजू!

दुपारी चर्चमध्ये गोष्ट देऊन आले. येताना धाकटीच्या गच्चीकडे नजर गेली. कपड्यांच्या दोऱ्यासुद्धा काढून नेल्या आहेत.

गुरुवार, ६ मार्च

ती आली नाही.

शुक्रवार, ७ मार्च

चर्चच्या पाळकसाहेबांनी बोलावलं. मला वाटलं, पहिला नंबर! इस्त्रीची साडी नेसून गेले. तर साहेब हसून हसून डोळे पुसतायत.

"गोष्ट छान आहे हो. पण अगदी अशीच आणखी एक आली आहे. तिच्यातही प्रेमळ मेंढपाळीण, हट्टी मेंढरू. फक्त ते मेंढरू तालाला कच्चं आहे."

माझे कान तापले. कुणाची, ते विचारायची गरजच नव्हती. साळसूद! आणि मासा? मासासुद्धा होता म्हणे, तिच्याही डोंगरावर!

"दोन्हीकडे मेंढपाळीणच," साहेब म्हणाले. "मेंढरू व्हायला कुणी तयार नाही. आणि दोन्हीकडे आधी माफी, मग खांदा. बाई, हा तर सौदा झाला. कृपा अशी वसूल करायची नसते. ती हरवलेल्याला फुकट मिळते, पण आधी आपण हरवलोय हे कळायला हवं ना."

तणतणत घरी आले. रागाच्या भरात एका पँटचे दोन्ही खिसे तोंडाशी शिवून बंद केले. उसवताना एकदम हसू फुटलं. लहानपणी दोघींना एकच उशी हवी असायची, आणि भांडून भांडून शेवटी दोघी उशीविना चटईवर! हसता हसता रडायलाच आलं. मला ती जायला नको आहे. नुसती तीच हवी आहे, माफीबिफी काही नको.

शनिवार, ८ मार्च

सकाळीच गेले. दार बंद. आत खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा चर्र आवाज. रात्रभर घोकलेलं भाषण दारातच विसरले. कडी वाजवली.

"कोण आहे?"

"बें," म्हटलं मी.

चिकटपट्टी थांबली. मग दारापलीकडून, रडक्या आवाजात – "बें!"

मग दोघी एकदम, "बें!" ताल माझाच चुकला.