पाय सांगत नाही

आये, तुला लिहायला बसलो की आधी तुझे पाय आठवतात, चेहरा नंतर. टाचांच्या भेगांत माती इतकी मुरलेली, की कितीही घासलं तरी त्या रेघा काळ्याच. कापणीनंतरच्या शेतात धसकटं सुरीसारखी उभी असायची. तिथं तू पाऊल वरून टाकत नव्हतीस, जमिनीलगत सरकवायचीस, म्हणजे धसकट आडवं पडतं. मी उचलून टाकायचो आणि रक्त काढून घ्यायचो. मग तुझी बोलणी, आणि बोलता बोलताच हळद.

किन्हवलीच्या शाळेच्या वाटेवरचा तो कातळ अजून आहे. चैत्रात शाळा सुटली की तो तव्यासारखा तापलेला असायचा. एकदा तू न्यायला आलीस, पळसाची पानं माझ्या तळव्यांना लावलीस आणि वर वेल गुंडाळून बांधलीस. माझी पहिली पायताणं ती. तू अनवाणीच. मी ऐटीत चालतोय, नुकतीच पाठ झालेली कविता म्हणतोय, तिच्यात माती लोण्याहून मऊ. तू सगळी ऐकून घेतलीस आणि म्हणालीस, "तुझ्या कवीला एकदा आपल्या धसकटात फिरव. मंग काय लिवतो ते बघू." मी दोन दिवस रुसलो होतो. कविता मात्र सुटल्या नाहीत, अजून वहीत उतरवून घेतो.

माझी सून तुला ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती. पण भाताच्या रोपांसाठी राब ती तुझ्यासारखाच भाजते. शेण, त्यावर टहाळ, पालापाचोळा, वर गवत आणि मातीचा पातळ थर. यंदा वारा पडला आणि एक कोपरा कच्चा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाल्याची पाटी घेऊन तो कोपरा परत भाजायला निघाली. मी बांधावर बसलो होतो. तिच्या पायात चप्पल होती. मी तुझाच नियम सांगितला, की बी पडायची जागा आहे, राबात चप्पल घालून जायचं नाही. तिनं निमूट काढून ठेवली. मग विचारलं, "आप्पा, इझलाय ना पुरता?"

तू अशा वेळी उजवा पाय राखेत रोवून थोडा वेळ उभी राहायचीस. डोळे मिटून, जणू खालचं काही ऐकतेयस. आणि सांगायचीस ते कधी चुकलं नाही. मीही तसाच उभा राहिलो. पायाला गारच वाटलं. म्हटलं, "गार हाय गो. जा."

चौथ्या पावलाला ती खाली बसली. खाली शेणाचा गड्डा धुमसत होता. मुलगा तिला गाडीवर घालून शहापूरला घेऊन गेला. मी घरी येऊन पाय धुतले, तेव्हा माझ्याही तळव्याला बशीएवढा फोड दिसला. तोवर मला त्याचा पत्ताच नव्हता.

खरं तर पत्ता होता. दोन वर्षांपूर्वी शहापूरच्या डॉक्टरांनी माझ्या तळव्याला टाचणी लावून विचारलं होतं, "काका, टोचतंय का?" मी छताकडे बघत टोचतंय म्हणालो. ते हसले नाहीत. साखरेनं पाय बधिर झालेत, अनवाणी चालायचं नाही, असं चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी मी कवितांच्या वहीत ठेवली आणि घरात कोणाला दाखवली नाही. ज्याच्या पायाला जमीन कळत नाही त्याला शेतावर कोण नेणार, आये?

आता पाऊस महिन्यावर आलाय. तिच्या तळव्यांच्या जखमा अजून ओल्या आहेत, चिखलात उतरू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. लावणी कोण करणार, हे घरात कोणी बोलत नाही. ती पडवीत बसून तांदूळ निवडते आणि उलट मलाच समजावते, "राखेचा काय भरवसा, आप्पा. तुमचा पन पाय भाजलाच ना." माझा फोडच माझ्या बाजूनं साक्ष देतोय. तिच्यापुढे ती चिठ्ठी काढायला रोज उठतो आणि वही उघडून कविताच वाचत बसतो.

हा कागदही त्याच वहीत जाईल. तिला सांगायचं ते तुला लिहितोय, एवढीच माझी हिंमत. आज सकाळी तिनं विचारलं, "आप्पा, लय ठणकतो का वो पाय?" मी म्हटलं, ठणकतो गो, रातभर डोळा लागत नाय.

आये, काहीच दुखत नाही.