मेंढीच्या गाठीच्या गोळ्या

वैशाख शुद्ध ४, शके १८६२

लिही. "आळशी" — असं लिही. अगं, तुलाच म्हणून राह्यले, तूच लिही!

जुन्या जालन्यातल्या अडत्यानं माझ्या लेकाला, कडूबाला, कोरी वही दिली. त्याला वाचता येईना, मला लिहिता येईना. पण बोलायला कुठं अक्षरं लागतात? नातसून नंदा आष्टीच्या मास्तराची लेक, चौथी पास. मी बोलते, ती उतरवते. तिची एक ओळ होईस्तोवर माझा विडा चघळून होतो.

बाकीच्या कामाला त्याहून ढिली. वैशाखात घोंगडी! तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, केस कंगव्यात. पाच वर्षं झाली, कूस रिकामी. सून उषाबाई म्हणते, "आत्याबाई, म्हैस निदान दूध तरी देती." कडूबा म्हणतो, आषाढी एकादशीच्या आत रामकिसनला दुसरी करू, हिला आष्टीला धाडू. आणि नातू रामकिसन? तो बैलाच्या शिंगांना तेल लावून राह्यला. बायको गेली काय, आली काय!

वैशाख शुद्ध ९

दाढ माझी दुखती म्हणून जालन्याला गेल्ते, आधाराला नंदा. डॉक्टरीणबाईनं माझं तोंड बघितलंच न्हाई, हिच्याच गळ्याला हात लावला! म्हणे, नरड्यापुढं फुलपाखरासारखी गाठ असती, सगळ्यांनाच — थायरॉईड. तिच्या रसावर अंगाची चूल चालती. चूल मंदावली की माणूस गारठतं, सुजतं, सुस्तावतं. भुवयांची टोकं झडतात, पाळी बिघडती, पोर राहत न्हाई. फार पेटली तर छाती धडधडती, डोळे बाहेर येतात, माणूस वाळतं. कुठं पाण्यात-अन्नातच काही कमी पडतं, तिथं गळ्याला गलगंड लोंबतो.

"मंग जिभेची चूल विझवायचं औषध हाय का? आमच्या उषाबाईला लागतंय."

बाई हसली. नंदा हसली न्हाई. "म्हंजे मी आळशी न्हाई?" — एवढंच. मी म्हणलं, बघू.

औषध म्हंजे गोळ्या. मेंढीची हीच गाठ सुकवून केलेल्या!

वैशाख शुद्ध १०

कडूबा थयथय नाचला. "माळकऱ्याच्या घरात मेंढी? बिलकुल न्हाई!" वा रे माळकरी! रेणुकाईला नवसाचं बोकड कापून गावाला वाढतो, सुनेला चिमूटभर मेंढी चालत न्हाई. शिशी माझ्या पानाच्या चंचीत ठेवली. तिला हात लावायची छाती ह्या घरात कुणाची न्हाई.

वैशाख वद्य ८

फरक न्हाई. डॉक्टरीण बी तसलीच. दाढ दुखतीच!

ज्येष्ठ शुद्ध ६

भाकरी थापताना नंदाला घाम आला! उषाबाई म्हणते, "नाटक." म्हणलं, घामाचं नाटक कसं करतात, दाखव करून.

ज्येष्ठ वद्य ३

घोंगडी घडी करून माळ्यावर टाकली तिनं. आता जल्दी लिहिती, मलाच दम लागतो. तरी कडूबा पिंपळगाव रेणुकाईला जाऊन पोरगी बघून आला, शब्दसुद्धा दिला. "चार दिसांचं सोंग हाय, आई. आळशी ती आळशीच." ह्याला मी जन्म दिला!

ज्येष्ठ वद्य ४

नंदा लिहायची थांबली. म्हणलं, थांबू नको.

ह्या घरात मी दुसरी आल्ते. पहिली भर उन्हात कांबळं पांघरून बसायची. सुजलेली, अर्ध्या भुवयांची. लग्नाआधी मी आडावर तिला बघितल्ती, हसले बी होते. घरच्यांनी तिला बापाच्या दारात नेऊन सोडलं, वर्षाच्या आत वारली. "आळशी होती" — सासू म्हणायची. मंग मी म्हणत आले, पन्नास वर्षं.

तिचं नाव गोजर. आज पहिल्यांदा कडूबाला हे सगळं सांगितलं. तो बैल जुंपून पिंपळगावला गेला, शब्द परत घ्यायला.