बिबा जिथे लागला नव्हता

आई,

उर्वीला घेऊन गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात चालले आहे. मितेश कामावरून परस्पर तिथे येतोय. तुम्ही काजू वेचायला गेलात आणि फोन इथेच चार्जिंगला राहिला, म्हणून लिहून ठेवते.

तिच्या मानेवरच्या गाठीला तुम्ही बिबा घातलात आणि कातडी भाजली, तेव्हापासून मी तिला तुमच्याजवळ झोपू दिलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, जवळ जखम असली की मुलांच्या गाठी सुजतात, जखम भरली की उतरतात. तेच धरून बसले होते मी.

जखम भरली, गाठ मात्र वाढतच गेली. आज आंघोळ घालताना दुसरी हाताला लागली, गळ्याखालच्या हाडाच्या वर. तिथे तुमचा बिबा लागलेलाच नाही. डॉक्टरांनी ती दाबून विचारलं, "दुखता काय गो?" ही हसून म्हणाली, "नाय." तशी त्यांनी लगेच चिठ्ठी लिहायला घेतली. म्हणाले, न दुखणाऱ्या गाठीचीच जास्त काळजी, आजच्या आज हिला गोव्याला न्या.

काजूच्या बिया खळ्यात वाळत आहेत, ऊन उतरलं की आत घ्या. बांगड्याचं तिखलं झाकून ठेवलंय. उपाशी राहू नका.

संध्याकाळी देवळात जाल, गाऱ्हाणं घालाल. घाला. पण त्यात "माझ्या हातून झाला" असं म्हणू नका. तुमच्या हातून झालेलं नाही.

झालं असतं तर किती बरं होतं, आई.

किशोरी