ड्रममधली वेल

१४ जुलै, सोमवार
गच्चीवरच्या ड्रममध्ये काहीतरी उगवलंय! जुन्या वॉशिंग मशीनचा ड्रम. सूनबाईंनी माती भरून त्यात टोमॅटो लावले होते, एकही धरला नाही. आज मी म्हणाले, "मैत्रेयी, तुझ्या हातून काही धरतच नाही बघ." लग्नाला सात वर्षं झालीत. तिला वर्मी लागलं. झारी तिथेच टाकून खाली निघून गेली.

वाईट वाटलं का मला? खरं लिहायचं तर — नाही.

२२ जुलै
वेल आहे. तणाव्यांनी कठडा धरला. पानाला पाच बोटं. मी म्हटलं, कारलं. मैत्रेयीनं पान चुरडून हुंगलं — "कारल्याचा वास नाही, आई." मग मोबाईलवर फोटो काढले. मोबाईलनं तीन फोटोंना तीन नावं सांगितली! शेजारचे नारायणराव डोकावून म्हणतात, "तोंडली असेल, वहिनी." तोंडल्याची भाजी करण्यात जन्म गेला माझा, मला पान ओळखू येणार नाही होय!

५ ऑगस्ट
उपटून टाक म्हटलं. "राहू द्या ना आई. आपसूक आलीय." या घरात पहिल्यांदाच काहीतरी मागितलं तिनं. म्हणूनच उपटावीशी वाटली. सुहास मध्ये पडला — "राहू दे गं." एकुलता एक लेक, आणि बायकोपुढे मेणाचा.

३० ऑगस्ट
फळं धरलीत. गोटीएवढी, हिरवी, अंगावर पांढरे पट्टे. कशाची ते अजून कुणाला सांगता येत नाही. मैत्रेयी रोज सकाळी मोजते. आज तेरा. एकटीच हसत होती. मला पाहून थांबली.

९ सप्टेंबर, मंगळवार
कळलं!

आपली भांडी घासणारी आक्काबाई — पाथर्डीकडची — कपडे वाळत घालायला वर आली होती. फळं आता लाल झालीत. बघूनच ओरडली, "अगं बया, शिवलिंगी हाय ही!" फळ फोडून बी माझ्या तळहातावर ठेवली. खरंच की, हुबेहूब पिंड!

"आमच्या डोंगराकडं लई. मूल व्हत न्हाई त्या बाया दुधात वाटून घेत्यात."

मी मैत्रेयीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक.

आक्काबाई पुढं पुटपुटली, "मी बी घेतल्या दोन वर्सं. काय न्हाई झालं. मालकानं दुसरी केली." तिला कुणी विचारलं होतं? भांडी पडलीत म्हणून खाली पाठवलं.

१० सप्टेंबर
पाच बिया. गाईच्या दुधात. अनशापोटी.

"आई, डॉक्टरांना एकदा विचारून —"

"डॉक्टरांनी सात वर्षांत काय दिलं गं तुला?"

मी समोर उभी राहिले. ती प्यायली. मोरीत जाऊन ओकली. मी दुसरा पेला भरला.

१७ सप्टेंबर
आठवा दिवस. आता ती गच्चीवर फिरकत नाही. वेलीला पाणी मीच घालते.

२७ सप्टेंबर, शनिवार
भोंडला झाला. गच्चीवर वीस-बावीस बायका. सगळ्यांना वेल दाखवली. म्हटलं, "औषध आपल्या पायानं घरात आलं, आमच्या सूनबाई मोबाईलमध्ये नाव शोधत बसल्या!" खूप हसल्या. मग एकेकीची नजर तिच्या पोटावर. ती खिरापतीचा डबा घेऊन उभी होती. कुणीतरी विचारलं, "किती दिवस घेतेयस?" तिनं उत्तर दिलं — "अठरा." आवाज अगदी सरळ.

रडली असती तर कदाचित मी थांबले असते. रडत नाही याचाच राग येतो.

५ ऑक्टोबर, रविवार
मैत्रेयी भाजी आणायला गेली होती. सुहास माझ्या खोलीत आला. दार लावलं.

"आई, त्या बिया बंद कर. ती रोज ओकते."

म्हटलं, गुण यायला वेळ लागतो.

"गुण येणार नाही. दोष माझ्यात आहे. चार वर्षांपूर्वी पुण्याला तपासण्या झाल्या तेव्हाच कळलं. तिच्यात काही नाही."

मी विचारलं, चार वर्षं मला का नाही सांगितलंत?

"तिनंच सांगू दिलं नाही. म्हणाली, आईंना सोसणार नाही, माझ्यावर राहू दे." आणि जाता जाता — "मी बोललो हे तिला कळू देऊ नकोस."

चार वर्षं. मी काय काय बोलले ते आठवत बसले. हळदीकुंकवाला, बारशांना, परक्यांसमोर. ती एकदाही म्हणाली नाही — तुमच्या मुलाला विचारा.

बंद करायलाच हवं. पण बंद केलं की आक्काबाई विचारणार, नारायणरावांची बायको विचारणार, भोंडल्याच्या बावीस जणी विचारणार — का हो बंद केलं? मग माझ्या सुहासला लोक काय म्हणतील?

६ ऑक्टोबर, सोमवार
सकाळी पाच बिया वाटल्या. पेला तिच्या हातात दिला. सुहास समोरच पेपर वाचत होता, त्यानं मान वर केली नाही. ती प्यायली.