धुवून दाखवलेला निळा

मास्तर,

तुम्ही शिकवलेलं इंग्रजी मला फुकटात मिळालं, असं मी आजवर चारचौघांत सांगत आलो. खरी किंमत अशी होती: चौदा रविवारच्या सकाळी, महाल भागातल्या तुमच्या घरापर्यंतची पायपीट, आणि तुमचा ऑफिसचा कोट. तो इतका विटला होता की काळा म्हणावा की करडा, हे तुम्हालाही सांगता येत नव्हतं. तो मी पुन्हा काळा करून दिला. फी म्हणून तुम्ही दुसरं काही घेतलं नाही. आणखी एक गोष्ट मी चारचौघांत सांगतो, की माझ्या हातचा निळा रंग आयुष्यात एकदाही पाण्यात सुटला नाही. त्या गोष्टीकडे मागाहून येतो.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि आमच्या विणकर सोसायटीचे निम्मे माग बंद होते. अशात पत्र आलं. सरकारी दवाखान्यांच्या पडद्यांसाठी निळं कापड बघायला दिल्लीहून खरेदी अधिकारी येणार. अध्यक्ष म्हणाले, "साहेब इंग्रजीत बोलीन. आपल्यातलं कोन बोलते?" सगळे जमिनीकडे बघायला लागले. मी चौथी पास रंगारी, पण कान तिखट, बाजारात एकदा ऐकलेलं तसंच्या तसं म्हणून दाखवायचो. मी हात वर केला. ऑर्डर हुकली तर उरलेले मागही थांबणार होते, आणि मग माझ्या रंगाच्या रांजणात बुडवायला सूतच उरणार नव्हतं.

तुम्ही सेक्रेटरिएटातून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. ओसरीवर मला बघून विचारलंत, "काहून गा, या वयात इंग्रजी?" कारण ऐकलंत आणि व्याकरणाचं पुस्तक मिटलंत. "तुले रंग समजते. मग रंगाच्या वाटेनंच जाऊ."

मला ती सकाळ अजून दिसते. तुम्ही पेटीतून लाल फितीची गुंडाळी काढता आणि माझ्या मांडीवर टाकता. "हे रेड टेप. विलायतेत सरकारी कागद असल्या फितीनं बांधत. गाठ सुटेपर्यंत अर्जदार म्हातारा होई. मी तीस वर्षं याच गाठी मारल्या." मग पांढरा हत्ती निघतो. सयामचा राजा ज्याच्यावर रुसे त्याला पांढरा हत्ती भेट देई म्हणे. कामाला जुंपता येत नाही, विकता येत नाही, चारा मात्र रोज घालायचा. मी म्हणालो, "आमच्या सोसायटीत हाय तो, मास्तर. ताण्याचे उभे धागे लावाची मशीन. वीज नाई, अन् तेल रोज पाजावं लागते." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला आणि घरातून पाणी आणावं लागलं. पुढच्या रविवारी स्कॉटलंडचा खुनी आला. त्याचे हात रक्तानं लाल सापडले की दुसरा पुरावा लागत नसे, म्हणून रेड हँडेड. माझे हात तेव्हा कोपरापर्यंत लाल होते. "तुले तं पोलीस रोजच धरतीन गा," तुम्ही म्हणालात. आणि कुणाचं नुकसान न करणारं खोटं त्या लोकांच्या लेखी पांढरं, हेही त्याच ओसरीवर कळलं.

पण जीव जडला तो ट्रू ब्लूवर. विलायतेतल्या कॉव्हेंट्री नावाच्या गावचे रंगारी असा निळा काढत की धुऊनही फिका पडत नसे. म्हणून पक्क्या माणसाला ट्रू ब्लू म्हणायचं. आमच्याच जातीच्या कामातून निघालेला शब्द! मी पिशवीतून नमुना काढून तुमच्यापुढे धरला. "हा पाहा, मास्तर. साहेबाले हेच सांगतो."

"धुतला काय?"

"धुवाचं कायले? माझ्या हातचा आहे."

तुमचा चेहरा बदलला. "अर्थ पाठ केला अन् उगम विसरला. ते कॉव्हेंट्रीवाले बोलून नाई मोठे झाले, धुवून दाखवून झाले. जाय घरी. धुतल्याशिवाय येऊ नको."

रागातच घरी गेलो. पुढच्या रविवारी येऊन सांगितलं, "धुतला, मास्तर. थेंबभर रंग सुटला नाई." तुम्ही माझ्या हातातला नमुना घेतलात. ती लाल फीत कापून तिचा तुकडा नमुन्याला बांधलात. "हिची गाठ आता तूच सोड."

साहेब आले त्या दिवशी पाठ केलेलं सगळं भाषण 'गुड मॉर्निंग'पाशीच पळालं. मागे अध्यक्ष घाम पुसताहेत, दाराबाहेर विणकर उभे आहेत. मी फीत सोडली, साहेबांसमोरचा पाण्याचा ग्लास ओढला, त्यात नमुना बुडवून पिळला आणि ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. "ट्रू ब्लू, सर. कॉव्हेंट्री." पाणी नितळ. साहेब ग्लासाकडे बघत राहिले, म्हणून मी ते पिऊन टाकलं. "अबे, प्यायला काहून!" अध्यक्ष मागून कुजबुजले. साहेब हसले. महिन्याभरात ऑर्डर आली आणि बंद माग एकेक करून खडखडू लागले.

दुसऱ्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. घरच्यांना भेटायला आलो तेव्हा कोट खुंटीवर होता, काळाच होता.

पुढे माझा स्वतःचा रंगखाना झाला. तिथे नवा माणूस आधी धुवायला शिकतो, रंगवायला नंतर. परवा नातीनं शाळेतून येऊन विचारलं, ट्रू ब्लू म्हणजे काय? मी तिला घमेलं आणायला सांगितलं. पाणी भरताना तुमची आठवण झाली, म्हणून हे लिहायला बसलो. लिहून झालं की जपून ठेवलेल्या त्या लाल फितीनं बांधून पेटीत ठेवीन. तुम्हाला एक सांगायचं राहिलं, मास्तर. तुमच्यापुढे धरलेला तो नमुना मी घाईत काढला होता. सहा बुड्यांच्या जागी दोनच, आणि रंग पक्का व्हायला दोन बुड्यांच्या मध्ये वाऱ्यावर धरायचा धीर नव्हता. फितीनं तुम्ही बांधलात तो दुसरा, आठवडाभर खपून काढलेला. थेंबभर सुटला नाही तो दुसऱ्याचा रंग. तुम्हाला मात्र पहिलाच धुतल्याचं भासवलं, आणि इतकी वर्षं मी त्याला पांढरं खोटं म्हणत आलो. पहिला नमुना घरी नेऊन धुतला, तेव्हा घमेल्यातलं पाणी निळंशार झालं होतं.