मी बाद केलेलं ऑर्किड

आदरणीय व्याहीसाहेब,

साष्टांग घालण्याइतकी माझी कंबर लवत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच पण मनापासून नमस्कार. विहीणबाईंनाही सांगावा. त्यांचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना कोणता पाय आधी टाकतात तेवढं कळवावं (दुखरा टाकत असतील तर सुधारणा आहे असं माझं मत, शास्त्राचा आधार नाही). तुमचा दवाखाना जोरात चालू असेलच. लोकांचे दात दुखू नयेत असं तुमच्याकडे पाहून म्हणवत नाही आणि दुखावेत असंही म्हणवत नाही, म्हणून त्या विषयावर मी गप्प बसतो. तुम्ही बसवलेली खालची दाढ उत्तम काम देते आहे. इकडे आम्ही दोघं ठीक. ठीक म्हणजे माझं वजन एकसष्ट किलो चारशे ग्रॅम, सकाळी, चपला काढून. हिचं वजन ती मला करू देत नाही.

फोन असताना या बाबाने पत्र कशाला लिहिलं, असं तुमच्या मनात येईल. पण फोनवर आपण दोघं पहिल्या मिनिटात हवापाणी संपवतो आणि दुसऱ्या मिनिटाला दोघांच्याही बायका फोन मागतात. शिवाय जे सांगायचं आहे ते तोंडाने सांगायला गेलो की माझी जीभ टाळूला चिकटते (दाढेचा दोष नाही, खात्री असावी). विषय ऑर्किडचा आहे. लग्नानंतर लेकीचं घर बघायला तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मांडीवर कुंडी धरून आणलेलं, ते. पतंग येऊन बसल्यासारखी पांढरी फुलं होती त्याला. अकरा. मी मोजली होती.

तीन महिन्यांनी फुलं एकेक करून गळली आणि मागे उरली एक हिरवट काडी आणि चार जाड पानं. सूनबाई मला म्हणाली, "बाबा, ते तसंच राहू द्या हं, पुन्हा येतील फुलं." मी मान हलवली. पण चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाची मान हलते, मन हलत नाही. (बाजारात मला माघारी तोलाजीराव म्हणत, हे तुम्हाला लग्नाआधीच कोणीतरी सांगितलं असणार.) आमच्या खात्यात काटा बिघडला तर तो बरा होईल म्हणून वाट पाहायची पद्धत नाही. लाल रंगाने त्यावर 'बाद' लिहायचं आणि तो जप्त करायचा. घर आवरण्याच्या एका दिवशी मी कात्री घेतली, काडी मुळापासून कापली आणि कुंडी फुटक्या बादलीबरोबर खाली कचऱ्याच्या डब्याशी नेऊन ठेवली. वर येऊन हातही धुतले. काही चांगलं केल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी ती प्रयोगशाळेतून दमून आली (दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं म्हणजे काय कमी काम आहे?), खिडकी रिकामी दिसली, आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून खाली गेली. कुंडी दोन्ही हातांत धरून वर आली, पानं बेसिनमध्ये धुतली, पुसली. मी बाजूला उभा राहून नियम समजावत होतो. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, या घरात ज्याचा उपयोग दिसत नाही, त्याला किती दिवस मिळतात?" व्याहीसाहेब, अशा प्रश्नावर शहाणा माणूस गप्प बसतो. मी दुधाचा विषय काढला. (चहाला दूध किती घालावं याची चिठ्ठी मी स्वयंपाकघरात लावली होती, मिलिलिटरमध्ये. ती तिने कधी फाडली नाही, हे आता आठवतं.)

पुढच्या महिन्यात त्या दोघांनी दोन गल्ल्या सोडून बिऱ्हाड केलं. कारण असं सांगितलं की तिथून तिला प्रयोगशाळा जवळ पडते. चिरंजीव सांगताना बुटाच्या नाडीकडे बघत होते. मी दोन्ही अंतरं पावलांनी मोजली. फरक चाळीस पावलांचा निघाला. चाळीस पावलांसाठी कोणी बिऱ्हाड हलवत नाही. तेव्हापासून ती आमच्या घरी आलेली नाही. चिरंजीव एकटे येतात आणि ती कामात आहे म्हणतात. तुम्हीही याबद्दल मला कधी विचारलं नाहीत, हा तुमचा मोठेपणा. पण ऑर्किड मात्र खिडकीतच राहिलं. विसरलं म्हणून राहिलं की मुद्दाम ठेवलं, यावर मी दीड वर्ष विचार केला आहे. विसरणारी मुलगी ती नव्हे.

मी ठरवलं, याला फूल आणायचं. फूल आलं की तिला बोलवायला तोंड राहील. आता माझी पद्धत तुम्ही जाणता. रजिस्टर आखलं. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शंभर मिलिलिटर पाणी, प्रमाणित मापाने. थेंब इकडचा तिकडे नाही. पानांची लांबी दर सोमवारी. पाचव्या आठवड्यात एक पान पिवळं पडलं, सहाव्यात दुसरं, आणि कुंडीतून वास यायला लागला. नर्सरीवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने झाड उपटून माझ्यासमोर धरलं. मुळं काळी, भिजलेल्या सुतळीसारखी. तो म्हणाला, "साहेब, याला दुष्काळाने नाही, तुमच्या काळजीने मारलंय." सडकी मुळं कापली, मातीऐवजी झाडाच्या सालींचे तुकडे भरले, मुळं दिसावीत म्हणून पारदर्शक कुंडी दिली. मुळं चंदेरी दिसली तरच पाणी, साधारण आठवड्याने एकदा. हिरवी असली तर हात लावायचा नाही. आणि वर म्हणाला, याला जरा विसरायला शिका.

विसरणं हे फार कठीण काम आहे. मी प्रामाणिकपणे सुरुवात केली. रजिस्टरमध्ये पहिली नोंद आहे: 'सकाळी ७.१० : आज झाड विसरलो.' अशा नऊ नोंदी झाल्यावर हिने रजिस्टर उघडून वाचलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. शेवटी नर्सरीवाल्यानेच उपाय सांगितला, की आठवड्यातून एक दिवस घराबाहेर पडत जा. म्हणून दर बुधवारी दहा ते एक मी वाचनालयात बसायला लागलो. हिने त्याला इतक्या चटकन होकार दिला की मला जरा वाईटच वाटलं.

झाड जगलं. नवं पान आलं, मग आणखी एक. पण फूल नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की या झाडाला फुलायचं सुचण्यासाठी महिनाभर गार रात्री लागतात, आणि सकाळचं कोवळं ऊन. आमच्या घरात गार, पूर्वेची खिडकी एकच. मुलगा-सुनेच्या खोलीची. ती खोली आम्ही बंद केली होती. (कुलूप नव्हतं. नुसतं दार लोटलेलं होतं, पण ते लोटलेलं दार उघडायला मला आठ दिवस लागले.) कुंडी तिथे ठेवली. गादीवर चादर नव्हती. हिने न सांगता घातली.

आणि पाच आठवड्यांनी पानाखालून हिरवं टोक बाहेर आलं! मी सगळ्या इमारतीला सांगितलं. काडी रोवली, लाल फितीने टोक काडीला बांधलं, रोज मोजलं. खालच्या मजल्यावर राहणारा कंपाउंडर सहकुटुंब पाहून गेला. महिन्याने नर्सरीवाल्याला अभिमानाने घरी आणलं. तो वाकला, चष्मा पुसला, पुन्हा वाकला आणि म्हणाला, "साहेब, हे मूळ आहे." मूळ! खाली जाऊ पाहणाऱ्या बिचाऱ्या मुळाला मी महिनाभर आरोपीसारखं बांधून वर चढवत होतो. फुलाच्या दांडीचं टोक चपटं असतं, मुळाचं गोल, एवढा फरक. आणि ज्याने चौतीस वर्षं ग्रॅमाग्रॅमचा फरक पकडला त्याला तो दिसला नाही. त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी पाहतो तर लाल फीत सोडलेली, मूळ मोकळं, आणि पलीकडच्या बाजूला, जिकडे मी कधी पाहिलंच नव्हतं, तिथे खरी दांडी, बोटभर, पांढऱ्या दोऱ्याने अलगद आधार दिलेली. मी हिला विचारलं. ही गॅसवरच्या भांड्याकडे बघत म्हणाली, मीच बांधली.

तर व्याहीसाहेब, आज त्या दांडीला सात कळ्या आहेत आणि दोन उमलल्या आहेत. ज्या झाडावर मी 'बाद' लिहिलं होतं त्यावर. तुमचं ती ऐकते. तिला एवढंच सांगावं, की कोणत्याही रविवारी चहाला यावं आणि फुलं बघून जावं. राहायला या असं मी म्हणत नाही. तेवढं मागायचा हक्क मी त्या कात्रीने कापला. दूध तिने हवं तेवढं घालावं. चिठ्ठी मी काढली आहे.

लोभ आहेच, तो असाच न मोजता राहावा ही विनंती.

आपला,
चुकीचं माप दिलेला व्याही

ता. क. १ : वर 'मी फूल आणलं' अशा अर्थाचं जे काही वाटतं, ते खरं नाही. ही कधी कशाला गाठ मारते तर ती विळीशिवाय सुटत नाही, आणि तो दोरा सरकफासाने बांधलेला होता. मी तो हुंगून पाहिला. पुदिन्याचा वास आला. दातांत फिरवायचा दोरा, व्याहीसाहेब! दाढ बसवली तेव्हा तुम्ही मलाही एक डबी दिली होतीत (ती न उघडता कपाटात आहे, क्षमा असावी). झाड बांधायला असला दोरा फक्त दाताच्या डॉक्टरची मुलगी वापरेल. म्हणजे या कटात तुम्हीही आहात की काय?

ता. क. २ : त्यानंतरच्या बुधवारी वाचनालय अचानक बंद निघालं म्हणून मी अकरालाच परतलो. दाराबाहेर तिच्या चपला होत्या. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. ते हसणं मी दीड वर्षात ऐकलं नव्हतं. मी बेल दाबली नाही. खाली जाऊन बाकावर बसलो, आणि सांगायला लाज कसली, रडलो. तेव्हापासून सहा बुधवार मी एकऐवजी दोनला घरी येतो, म्हणजे त्यांना घाईत उठावं लागू नये. मी हे हिलाही सांगितलेलं नाही.

ता. क. ३ : वर रविवार लिहिलं आहे ते खोडलं असं समजावं. या बुधवारी मी वाचनालयात जाणार नाही. हे तिला आधीच सांगून ठेवावं. दुकानावर धाड घालतात तसं मला तिला गाठायचं नाही. मी घरी आहे हे माहीत असून ती आली, तर दार मी उघडीन. नाही आली, तर पुढच्या बुधवारपासून मी पुन्हा दहाला बाहेर पडेन आणि तीनपर्यंत येणार नाही. झाडाची आबाळ होऊ नये. आणि तिच्याकडे अजून आमच्या घराची किल्ली आहे हे मला ठाऊक नाही, असंच तिला सांगावं, म्हणजे ती परत द्यायला आणणार नाही.